आक्कासाहेबांचा मुक्त गोठा

मुक्त गोठ्याची माहिती ऐकून कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. गाईला दावं नाही, खुंटा नाही. तिला वाटेल तेव्हा ती पाणी पिणार, वाटेल तेव्हा चारा खाणार, वाटेल तिथं बसून रवंथ करणार. रोज शेण काढायची कटकट कमी, मजुरी कमी, कासेचे आजार कमी, दूध जास्त. पशुसंवर्धन खात्याचे साहेब हे सगळं सांगतात आणि ते सगळं खरं असतं. फक्त एक गोष्ट सांगायची राहून जाते. दावी सुटली की गाईंमध्ये त्याच दिवशी निवडणूक होते, संध्याकाळपर्यंत निकाल लागतो आणि पुढच्या निवडणुकीची तारीख कधीच जाहीर होत नाही.

दावणीच्या गोठ्यात ही भानगड नसते. प्रत्येकीचा खुंटा ठरलेला, गव्हाण ठरलेली, शेजारीण ठरलेली. तिथंही दांडग्या गाई असतात, पण त्यांचा दांडगावा दाव्याच्या लांबीइतकाच. फार तर शेजारणीच्या गव्हाणीत जीभ घालता येते. मुक्त गोठ्यासाठी आपण हिशोब करतो. प्रत्येक गाईला छताखाली साधारण ४० चौरस फूट जागा, उघड्यावर ८० चौरस फूट. कागदावर तो अगदी बरोबर येतो. पण गाईच्या तोंडाशी कागद आला तर ती तो वाचत नाही, खाते.

आमचा गोठा माणदेशात, आटपाडी तालुक्यात. गाई पाच. बांडी आणि चांदी या दोन संकरित होल्स्टिन, तांबू जर्सीच्या वळणाची, पुतळी ही पहिलारू, आणि पाचवी खिल्लार. हा मुलूख खिल्लारचाच. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, आणि घरात एक तरी खिल्लार असावी हा आमच्या वडिलांचा हट्ट होता. पांढरं अंग, लांबट तोंड, मागं जाऊन वर वळलेली टोकदार शिंगं. बारशाचं नाव हरणी. दूध वेळेला लिटर-दीड लिटर, तेही आधी वासरू सोडलं तर. वजनाला बांडी तिच्यापेक्षा चांगली भारी. तरीही दावी सुटली त्या संध्याकाळी बांडीसकट चौघी छताच्या एका कडेला दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि हरणी एकटी मधोमध बसली होती. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आता हिला हरणी म्हणू नगंस. आक्कासाहेब म्हण."

तेव्हापासून मीही त्यांच्याबद्दल आदरार्थी बोलतो. उगाच कानावर जायला नको.

सगळ्यात कमी दूध आणि सगळ्यात जास्त मान, हे गणित गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्यामागं शास्त्रही आहे. गाईंच्या उतरंडीत दुधाला काडीची किंमत नसते. वय किती, कळपात किती वर्षं काढली, अंगात ताकद किती आणि डोक्यावर शिंगं आहेत का, एवढ्यावर बरंचसं ठरतं. शिंगवाली गाय बिनशिंगीला सहज दबवते. बांडी-चांदीची शिंगं त्या वासरं असतानाच डॉक्टरांनी डागून बंद केलेली. त्यामुळे आमच्या गोठ्यात निःशस्त्रीकरण झालं होतं खरं, पण एकाच पक्षाचं.

प्राण्यांमधल्या अशा उतरंडीचा पहिला नीट अभ्यास झाला तो कोंबड्यांवर. नॉर्वेचे थोरलिफ श्येल्डरुप-एब्बे हे गृहस्थ पोरवयापासून कोंबड्या न्याहाळत बसत आणि कोण कुणाला टोचते याच्या नोंदी ठेवत. १९२२ साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या नंबरची कोंबडी सगळ्यांना टोचते आणि शेवटच्या नंबरची कुणालाच टोचत नाही, हे जगाला त्यातून कळलं. त्यांना इतकी वर्षं खुराड्यापाशी बसायची गरज नव्हती. आमच्या गावात सकाळी दूध घालायच्या रांगेत उभे राहिले असते, तर आठवड्यात काम झालं असतं.

आक्कासाहेबांचं वैशिष्ट्य हे की त्या मारत नाहीत. मारकी गाय वेगळी आणि हुकमी गाय वेगळी. मारकी गाय माणूस, कुत्रं, बादली, सायकल असा भेदभाव करत नाही. जे दिसेल त्यावर धावून जाते. अशा गाईला कळपात मान नसतो, सगळ्या जणी तिला टाळतात एवढंच. हुकमी गाय ताकद खर्च करत नाही. मान जराशी खाली, हनुवटी आत, शिंगांची टोकं समोरचीच्या दिशेनं. बस्स. समोरची बाजूला होते. जमलेल्या कळपात खऱ्या झटापटी फार कमी होतात; बहुतेक कारभार इशाऱ्यांवरच चालतो. आणि एकदा बसलेली उतरंड वर्षानुवर्षं हलत नाही.

शिवाय निसर्गानं गाईला डोळे दोन्ही बाजूंना दिलेत. मान न वळवता तिला जवळजवळ सगळा आसमंत दिसतो, बरोबर पाठीमागची चिंचोळी पट्टी तेवढी सुटते. त्यामुळे आक्कासाहेब पूर्वेला तोंड करून रवंथ करत असल्या, तरी कडेच्या गव्हाणीत पुतळीनं तोंड घातलेलं त्यांना कळतं. त्यांचा एक कान हलतो. पुतळी तोंड बाहेर काढते.

आता खातेवाटप.

राज्य करायचं तर पाणी ताब्यात हवं, हे माणदेशात वेगळं सांगायला नको. आक्कासाहेब पाणी पितात थोडं, पण हौदापाशी असतात फार. हौदाला आडव्या उभ्या राहून, डोळे अर्धे मिटून त्या रवंथ करतात. बाकीच्या अदबीनं अंतर राखून थांबतात. आता दुभत्या गाईला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज लागतं. दुधात ८७ टक्के पाणीच असतं, आणि हा आकडा कुणी वरून काही न घालता आहे. पाणी अडलं की दूध अडतं. म्हणजे आक्कासाहेबांच्या डुलकीची किंमत बांडीच्या चरवीत मोजावी लागते. आपण फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ बसतंय का याची काळजी करत दूध घेऊन जातो, आणि इकडं मूळ लिटरमध्येच घट आलेली असते.

दुसरं खातं अन्नपुरवठ्याचं. आक्कासाहेब स्वतःच्या गव्हाणीत शेवटी जेवतात. आधी चारही ठिकाणी तपासणी. कुट्टी नाकानं बाजूला सारायची, तळाची सरकी पेंड आणि भरडा तेवढा जिभेनं उचलायचा आणि पुढच्या गव्हाणीकडं सरकायचं. त्यांनी सोडलेली जागा बांडी धरते, बांडीची चांदी, चांदीची तांबू आणि तांबूची पुतळी. अशा रीतीनं सगळ्या जणी सगळीकडे जेवतात आणि पुतळीला चौघींनी चाळून ठेवलेली कुट्टी मिळते.

यात आक्कासाहेबांचंही भलं होत नाही. पेंड-भरडा एकदम जास्त पोटात गेला की गाईच्या मोठ्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबते, शेण पातळ होतं. एकदा तसं झालं. डॉक्टर आले, पोटाला हात लावून बघितला, खायचा सोडा पाजायला लावला आणि म्हणाले, "जास्त झालंय यांना." सत्तेचं अजीर्ण हे आजवर वर्तमानपत्रात वाचलं होतं. गोठा धुताना ते प्रत्यक्ष भेटलं.

तिसरं खातं जमिनीचं. गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते. बसलेल्या गाईच्या कासेकडं रक्त जास्त जातं आणि पायांना विश्रांती मिळते, म्हणून निवांत बसायला मिळणं हा तिच्या धंद्याचाच भाग आहे. आक्कासाहेब आधी गोठ्यातली सर्वांत कोरडी, सावलीची जागा निवडतात. तासाभरानं उठतात आणि बांडी बसली असेल तिथं जाऊन उभ्या राहतात. बांडी उठते. आक्कासाहेब तिथं बसतात. आता खरं म्हणजे आधीची उत्तम जागा रिकामी झालेली असते, पण बांडी तिथं जात नाही. ती शेणात उभी राहते. रिकामी जागा आक्कासाहेबांच्या नावावर तशीच पडून असते. सातबारा बघायचीसुद्धा कुणाची छाती होत नाही.

चौथं खातं स्वतःच्या सेवेचं. गाई एकमेकींना चाटतात; मान, डोकं, कानामागचा भाग, जिथं स्वतःची जीभ पोचत नाही तिथं. त्यातून मैत्री टिकते, माश्या-गोचिडांचा त्रासही थोडा हलका होतो. आक्कासाहेब मात्र विनंती करत नाहीत. तांबूच्या हनुवटीखाली डोकं घालून एक हलका धक्का देतात आणि मान पुढं करतात. तांबू चाटायला लागते. ती दमून थांबली की दुसरा धक्का. उलट फेड मी अजून पाहिलेली नाही.

एवढं सगळं असून गोठ्याबाहेर पडताना आक्कासाहेब पुढं नसतात, ही गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. ज्वारी काढून रान मोकळं झालं की गाई चरायला सोडतो. सगळ्यात पुढं चालते ती तांबू. वाट ती ठरवते, ओढा कुठून ओलांडायचा ते ती ठरवते, आणि आक्कासाहेब निवांत मधून चालत असतात. गाईंचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. कळपाच्या पुढं चालणारी आणि कळपावर हुकूम चालवणारी या पुष्कळदा दोन वेगळ्या गाई असतात. पुढच्या गाईला खड्डा आधी लागतो, कुत्रं आधी भेटतं, शिव्याही आधी पडतात. खऱ्या सत्ताधाऱ्याला मिरवणुकीत पुढं राहायची हौस नसते. गावातही पाटीवर नाव एकाचं आणि शब्द दुसऱ्याचा, हे आपण बघतोच.

खालच्या फळीत तर आणखी मजा आहे. बांडी चांदीला दाबते, चांदी तांबूला दाबते, आणि तांबू बांडीला दाबते. सरळ शिडी असावी असं वाटतं, पण हे वर्तुळ निघतं. कळपांमध्ये अशी वर्तुळं असतात आणि ती टिकतातही. तिघींपैकी प्रत्येकीला कुणीतरी वर आहे आणि कुणीतरी खाली आहे, त्यामुळे तिघीही समाधानी. आघाडी टिकवायचं याहून चांगलं सूत्र मी ऐकलेलं नाही. पुतळी तेवढी सगळ्यांच्या खाली. तिचा जाहीरनामा रात्री दहानंतर, सगळ्या झोपल्यावर, उरलेल्या कुट्टीत.

हुकमी गाय घरात असली की सल्लागार आपोआप जमतात. पहिले आले शेजारचे तात्या. कुंपणावर हात टेकून त्यांनी पाच मिनिटं पाहणी केली आणि निदान केलं.

"लोढणं बांध तिला."

"तात्या, ओढाळ असंल तर लोढणं. ही कुठं पळून जातीय?"

"जाईत न्हाई, पर आपल्याला दमवती का न्हाई? मग बांध की!"

ओढाळ गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, तो चालताना पायांत येतो आणि गुरू पळत नाही, हे लोढणं. तात्यांचा मान राखायचा म्हणून बांधलं. लोढण्यानं चाल मंदावली, नजर मंदावली नाही. उलट ओंडक्याच्या खडखडाटानं आक्कासाहेबांच्या आगमनाची वर्दी आधीच मिळू लागली आणि त्या पोचायच्या आत दोन-दोन गव्हाणी रिकाम्या होऊ लागल्या. पूर्वी निदान त्यांना मान तरी खाली घालावी लागायची.

चुलतभावाचं म्हणणं, शिंगंच कापून टाक. बोलायला सोपं आहे. मोठ्या गाईच्या शिंगात आत हाड असतं, रक्त असतं, नसा असतात. ते काम भूल देऊन डॉक्टरांनीच करायचं, करवत घेऊन भावानं नव्हे. शिंगं थांबवायचीच असतील, तर वासराच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोंब डागून घ्यावा, तोही डॉक्टरांकडूनच. बेंदराला बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या घालतात, तशा आक्कासाहेबांना घालून बघू, असाही एक विचार निघाला. म्हणजे आधीच पद, त्यावर दागिने. तो विचार आईनंच मोडून काढला.

आत्या आल्या त्यांनी दृष्ट काढायला सांगितली. गाईची दृष्ट काढायची, की गाईची आम्हाला लागलेली काढायची, यावर थोडा वाद झाला. शेवटी भाकरीचा तुकडा उतरून लांब टाकायला पोराला धाडलं. तो कुंपणापर्यंत पोचायच्या आत तुकडा आक्कासाहेबांनी त्याच्या हातातून घेतला.

आणि पाव्हण्यांचा सल्ला सगळ्यात व्यवहारी. "इकून टाका." पण विकल्यानं गाय जाते, गादी जात नाही. रिकाम्या गादीसाठी बांडी, चांदी आणि तांबू यांचं ते गोल-गोल वर्तुळ फुटणार, आणि त्यातून जी निघेल ती नवी आक्कासाहेब. अनुभव नसलेली. जुन्या सत्ताधाऱ्याला निदान कुठं थांबायचं ते माहीत असतं.

अशा गाईचं कौतुकच बघायचं असेल, तर स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात जावं. तिथली एराँस जातीची गाय ठेंगणी, गडद तपकिरी आणि स्वभावानं भांडकुदळ. वसंतात कळप डोंगरावर चरायला निघाले की या गाई डोक्याला डोकं लावून आपली राणी ठरवतात. तिथल्या लोकांनी मग त्याचे सामनेच सुरू केले. शिंगांची टोकं बोथट केलेली, अंगावर नंबर रंगवलेला. जी मागं हटली ती हरली, माणसानं मधे पडायचं नाही. जिंकणारीला गळ्यात मोठी घंटा मिळते, आणि आप्रोच्या अंतिम सामन्यात राण्यांची राणी ठरते. मालक तिचे फोटो दिवाणखान्यात लावत असणार. एका मुलखात घंटा, दुसऱ्या मुलखात लोढणं. बांधतात दोन्ही गळ्यातच.

या सगळ्यातून एक गोष्ट हाती लागते. हुकमी गाईवरचा इलाज गाईवर करायचा नसतो, गोठ्यावर करायचा असतो. तिची सत्ता तिच्या शिंगांत थोडी आणि आपल्या बांधकामात जास्त असते. एकच हौद असला तर हौद अडवता येतो. दोन हौद दोन टोकांना ठेवले, की एकाच गाईला दोन्हीकडं आडवं उभं राहता येत नाही. आक्कासाहेबांनी प्रयत्न करून पाहिला. सुरुवातीला त्या दोन्ही हौदांमध्ये येरझाऱ्या घालत होत्या. एकीला हाकलून परत यावं तर तोवर दुसरी पाणी पिऊन गेलेली. मग त्यांनी एक हौद मोठ्या मनानं जनतेला देऊन टाकला.

गव्हाणीचंही तेच. प्रत्येक गाईला निदान अडीच फूट तोंड घालायला मिळावं, आणि गाईंपेक्षा एक जागा जास्त असावी. कुट्टी, पेंड, भरडा वेगवेगळं न टाकता एकत्र कालवून टाकावं, म्हणजे निवडून खायला काही उरत नाही. खुराकाच्या वेळी सगळ्यांना अर्धा-पाऊण तास सरळ बांधावं. होय, मुक्त गोठ्यातसुद्धा. दिवसभर मोकळीक आणि जेवायच्या वेळी दावं, हा आमचा सध्याचा कायदा आहे. पुतळीला आपल्या वाट्याची पेंड पहिल्यांदा पूर्ण मिळाली, तेव्हा ती खाताना सारखी मागं वळून बघत होती. सवय मोडायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट, कोपरे. आपण काटकोनात कुंपण घालतो, पण काटकोनात अडकलेल्या गाईला पळायला वाट नसते. इशारा मिळाल्यावर बाजूला होता आलं, तर भांडण तिथंच संपतं. बाजूला होताच आलं नाही, तर शिंग बरगडीला लागतं. म्हणून चिंचोळी बोळकंडी ठेवू नये, आडवं काही रचू नये, आणि शेवटच्या गाईला कायम दुसरी वाट असावी. दबलेल्या गाईला मारामारी जिंकायची नसते, तिला फक्त निघून जायचं असतं. तेवढी सोय करणं मालकाचं काम आहे.

चौथी गोष्ट धारेची. पान्हा गाईच्या मर्जीवर येतो असं आपण म्हणतो. ती मर्जी रक्तातून येते. कास धुतली, सडाला हात लागला, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि थोड्या वेळात पान्हा फुटतो. त्याच वेळी ती घाबरली, तर भीतीचा रस, ॲड्रिनलिन, त्याच्या आड येतो आणि दूध वरच राहतं. पुतळीची धार काढताना आक्कासाहेब नुसत्या शेजारून गेल्या, तरी ती पान्हा आखडते. म्हणून आक्कासाहेबांची धार आधी उरकायची, त्यांना पलीकडं रवाना करायचं आणि मग बाकीच्यांकडं वळायचं. मान दिल्यासारखंही होतं आणि काम होतं. हा उपाय लग्नात ज्येष्ठ मंडळींची पंगत आधी बसवणाऱ्यांना ठाऊक आहेच.

नवी गाय आणायची वेळ आली, तर एकटी आणू नये, शक्यतो जोडीनं आणावी. म्हणजे सगळा राग एकीच्याच अंगावर येत नाही. संध्याकाळी, सगळ्यांची पोटं भरल्यावर, मोकळ्या जागेत सोडावी. भरल्या पोटी अन्याय करायचा उत्साह कमी असतो. चार-आठ दिवस दूध थोडं हलतं, ढुशा होतात, मग नवीचा नंबर ठरतो आणि गोठा पुन्हा शांत होतो.

शांततेवरून आठवलं. मधे आक्कासाहेब वेतावर आल्या म्हणून त्यांना वेगळ्या खोपटात हलवलं. मला वाटलं, आता चौघींना सुखाचे दिवस. दुसऱ्याच दिवशी बांडी आणि चांदी हौदापाशी डोकी भिडवून उभ्या, तांबू गव्हाणीत पाय घालून उभी, आणि पुतळी कुंपणाला चिकटून आक्कासाहेबांच्या खोपटाकडं तोंड करून हंबरत होती. दूध घटलं. डेअरीत विचारलं, "काय, पाणी कमी पडलं का?" आक्कासाहेब गोऱ्ह्याला घेऊन परत आल्या, हौदापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत कळप रांगेला लागला. त्यांच्या राज्यात अन्याय आहे, पण गोंधळ नाही. चौघींनी या दोहोंत काय निवडलं असतं ते मी विचारलं नाही, कारण मतदान गुप्त असतं.

या उतरंडीत माणसंही आहेत, हे मालकानं लवकर ओळखलेलं बरं. गाय माणसं वेगवेगळी ओळखते आणि कुणाशी कसं वागायचं हे लक्षात ठेवते. आई नुसती "सर गं बाई" म्हणते आणि आक्कासाहेब सरकतात. मी बादली घेऊन मागं उभा राहून तेच वाक्य म्हणालो, तर त्या ऐकतात, विचार करतात आणि तिथंच राहतात. माझं स्थान आईच्या खाली, आक्कासाहेबांच्या खाली आणि बायकोच्या मते पुतळीच्या किंचित वर आहे. म्हणून काही पथ्यं पाळतो. बोलत बोलत, खांद्याच्या बाजूनं जवळ जायचं. बरोबर मागून जायचं नाही. गाय आणि भिंत यांच्या मधे उभं राहायचं नाही. आणि नुकती व्यालेली गाय कितीही ओळखीची असली, तरी तिच्या वासराला तिच्यादेखत उगाच हात लावायचा नाही. कुंपणात माणूस आडवा होऊन निसटेल, पण गाय जाणार नाही, एवढी एक फट ठेवलेली आहे. ती मी वापरलेली आहे.

वसुबारसेला तर त्यांचा दिवसच असतो. गल्लीतल्या बायका सवत्स गाईची पूजा करायला येतात, आणि पूजेला देशी गाय बरी म्हणून मान अर्थातच आक्कासाहेबांचा. पायावर पाणी, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. ओवाळून होईपर्यंत त्या अत्यंत सात्त्विक दिसतात. मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात, शेजारच्या बांडीच्या गळ्यातली माळ खातात, आणि स्वतःची माळ तशीच ठेवून फोटोला उभ्या राहतात.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारनं देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं. संकरित गाई त्यात येत नाहीत. आमच्या गोठ्यात ही बातमी वाचून दाखवायची गरज पडली नाही. निर्णयाची अंमलबजावणी आधीपासूनच चालू होती.

तेव्हा मुक्त गोठा करणार असाल, तर जरूर करा. फक्त कुंपणाच्या तारेआधी दुसऱ्या हौदाचा खर्च धरा. कळपात मोठं कोण हे गाईंनी ठरवू दे. त्यात पडू नका, तुमचं मत तिथं धरलं जात नाही. तुम्ही रोज बघायची ती शेवटची गाय. तिचं पोट भरलंय का, तिला पाणी मिळालंय का, ती बसलीय की शेणात उभी आहे, एवढं नीट असेल तर वरची कितीही हुकमी असली तरी गोठा चांगला चाललाय असं समजा. आणि सोडलेली दावी विकू नका. खुराकाच्या वेळी लागतात.